दोन अर्धचंद्र, सहा गोळ्या

६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिकेने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा तिच्या लष्कराकडे .४५ बोअरची सुमारे ७५ हजार पिस्तुले होती. सव्वा लाखाच्या आसपास असलेल्या खड्या फौजेला ती चालून जात होती. पुढच्या दीड वर्षात ही फौज ४० लाखांच्या घरात गेली. एवढ्या माणसांना बूट, घोंगड्या, रायफली आणि तोफा पुरवताना त्या देशाची जी धावपळ झाली, तिच्यावर जाडजूड ग्रंथ आहेत. कमरेच्या हत्याराची हकीकत त्यांत एखाद्या परिच्छेदात उरकलेली असते. मला ती हकीकत फार मोलाची वाटते. कोट्यवधी डॉलरांची कंत्राटे आणि नामांकित कारखाने जिथे वेळेत पोचू शकले नाहीत, तिथे पोलादी पत्र्याच्या एका इवल्याशा तुकड्याने काम भागवले.

पश्चिम आघाडीवरचे युद्ध तोवर खंदकांत रुतून बसले होते. नागमोडी, अरुंद चरांत लांब रायफल वळवणेही जड जाते, आणि रात्रीच्या छाप्यात शत्रू हातभर अंतरावर येतो. मशीनगन चालवणारे, तोफांवरचे गोलंदाज, निरोप नेणारे, मोटारी हाकणारे अशा ज्यांचे दोन्ही हात दुसऱ्या कामात गुंतलेले असत, त्यांनाही जवळ काहीतरी हवेच होते. त्यामुळे फ्रान्सकडे निघालेल्या प्रत्येक डिव्हिजनबरोबर पिस्तुलांची मागणी वाढत गेली. ती भागवायची कशी, हा प्रश्न वॉशिंग्टनच्या दारूगोळा खात्यापुढे पहिल्या महिन्यापासून उभा होता.

या मागणीत एक अट होती आणि तिच्यावर तडजोड नव्हती. हत्यार कोणतेही असो, त्यात काडतूस .४५ एसीपीचेच बसले पाहिजे. ही अट समजण्यासाठी वीस वर्षे मागे जावे लागते.

१८९८ मध्ये स्पेनला हरवून अमेरिकेने फिलिपाइन्स ताब्यात घेतले. तिथल्या लोकांना नवा मालक नको होता, स्वातंत्र्य हवे होते. १८९९ मध्ये लढाई जुंपली, आणि दक्षिणेकडच्या मिंदानाओ आणि सुलू बेटांवरच्या मोरो मुसलमानांशी तर ती पुढे १९१३ पर्यंत चालू राहिली. अमेरिकन अधिकाऱ्यांच्या कमरेला तेव्हा .३८ लाँग कोल्टचे रिव्हॉल्वर असे. जंगलात अगदी जवळून अंगावर धावून येणारा, हातात बरोंग नावाची तलवार घेतलेला मोरो योद्धा दोन-तीन गोळ्या लागूनही थांबत नाही, अशा तक्रारी वरचेवर येऊ लागल्या. लष्कराने मोडीत निघालेली जुनी .४५ ची कोल्ट रिव्हॉल्वर दुरुस्त करून पुन्हा वाटली. आपल्या भूमीसाठी लढणाऱ्या माणसाला अधिक खात्रीने पाडता यावे, या गरजेतून हा मोठा बोअर परत आला. पुढे ज्या काडतुसाचे गोडवे शंभर वर्षे गायले गेले, त्याच्या जन्माची ही बाजू विसरून चालणार नाही.

१९०४ मध्ये दारूगोळा खात्यातले अधिकारी जॉन थॉम्पसन आणि लष्करी डॉक्टर लुई लागार्ड यांना वेगवेगळ्या बोअरच्या गोळ्यांची तुलना करायला सांगितले गेले. त्यांनी प्रेतांवर गोळ्या झाडून हाडे आणि मांस कसे फुटते ते पाहिले, आणि शिकागोच्या कत्तलखान्यांच्या आवारात जिवंत गुरांवरही गोळ्या झाडल्या. वाचताना अंगावर काटा येतो. शास्त्रीय कसोटी म्हणूनही हा प्रयोग लंगडा होता. जनावरे थोडी होती, प्रत्येकाला गोळ्या वेगवेगळ्या जागी लागल्या होत्या आणि निरीक्षणांवरून ठाम काही सिद्ध होत नव्हते. तरी निष्कर्ष मात्र ठाम निघाला, की लष्करी पिस्तूल .४५ पेक्षा लहान बोअरचे नसावे. हा थॉम्पसन म्हणजे ज्याच्या नावाची ‘टॉमी गन’ पुढे जगभर गाजली तोच. तिच्यातही हेच काडतूस बसते.

जॉन ब्राउनिंग या युटा प्रांतातल्या बंदूककाराने या मापाचे काडतूस, म्हणजेच .४५ एसीपी, आणि त्याच्यासाठी आपोआप भरणारे पिस्तूल तयार केले. गोळी २३० ग्रेनची, म्हणजे साधारण १५ ग्रॅमची. वेग सेकंदाला अडीचशे मीटरच्या आसपास, म्हणजे फारसा नाही, भर वजनावर. मार्च १९११ मधल्या शेवटच्या चाचणीत त्याच्या पिस्तुलातून ६,००० फैरी झाडल्या गेल्या, आणि २९ मार्च १९११ रोजी लष्कराने ते स्वीकारले. हेच ते मॉडेल १९११. मुठीत सरकवलेल्या मॅगझिनमध्ये सात काडतुसे बसतात. प्रत्येक फैरीच्या धक्क्याने वरचा लोखंडी भाग मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवे काडतूस नळीत ढकलतो.

हे पिस्तूल बनवत होती कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डची कोल्ट कंपनी. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेतही ते काही वर्षे बनत होते, पण युद्ध लागताच तिथली यंत्रे रायफलींकडे वळवली गेली. एकट्या कोल्टवर भार टाकून भागणार नाही हे उघड होते. म्हणून सरकारने दिसेल त्या सक्षम कारखान्याला कंत्राट दिले. त्या यादीत रेमिंग्टन आणि विंचेस्टर होते हे साहजिकच. पण तिच्यात बेरजेची यंत्रे बनवणारी बरोज, दुकानांच्या गल्ल्यांची यंत्रे बनवणारी नॅशनल कॅश रजिस्टर, छपाईच्या टाइपांची यंत्रे बनवणारी लॅन्स्टन मोनोटाइप आणि कॅनडातले कारखानेही होते. बारीक यंत्रकाम ज्याला येते त्याला पिस्तूलही येईल, असा हिशेब होता.

तो हिशेब फसला, आणि का फसला ते लक्षात घेण्यासारखे आहे. कोल्टकडून आलेले आराखडे आणि कोल्टच्या कारखान्यातून प्रत्यक्ष बाहेर पडणारे भाग यांची मापे जुळेनात. कुठे किती सैल चालते, कुठे तसूभरही चालत नाही, हे कागदावर पुरते उतरलेलेच नव्हते. ते हार्टफर्डच्या कारागिरांच्या हातात होते. रेमिंग्टनच्या लोकांना खऱ्या पिस्तुलांचे भाग मोजून नव्याने आराखडे करत बसावे लागले. त्यात महिन्यांमागून महिने गेले. त्यांची पिस्तुले १९१८ च्या उत्तरार्धात निघू लागली आणि युद्धबंदीनंतर काम थांबले तेव्हा सगळी मिळून बावीस हजारही भरली नव्हती. कॅनडातल्या नॉर्थ अमेरिकन आर्म्सची शंभराच्या आसपास निघाली. बेरजेच्या आणि गल्ल्याच्या यंत्रवाल्यांकडून लष्कराला एकही पिस्तूल मिळाले नाही.

दरम्यान दुसरीकडे मोठी यंत्रसामग्री रिकामी होत होती. कोल्टच्याच दुसऱ्या विभागात ‘न्यू सर्व्हिस’ नावाचे भरभक्कम रिव्हॉल्वर १८९८ पासून बनत होते. कनेक्टिकट नदीच्या वरच्या अंगाला, चाळीसेक किलोमीटरवर, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी स्मिथ अँड वेसनचा कारखाना होता आणि तोही मोठ्या बांध्याची रिव्हॉल्वर बनवत होता. १९१४ पासून दोघांचे मोठे गिऱ्हाईक होते ब्रिटन. ब्रिटिशांचे नेहमीचे हत्यार म्हणजे मधोमध मोडून उघडणारे .४५५ बोअरचे वेब्ली. फ्रान्सपासून मेसोपोटेमियापर्यंत, कूटच्या वेढ्यात सापडलेल्या मराठा पलटणींच्या गोऱ्या अधिकाऱ्यांपर्यंत, त्याच बोअरचा वापर होता. वेब्लीचा पुरवठा कमी पडला म्हणून ब्रिटिश सरकारने याच काडतुसाची हजारो रिव्हॉल्वर अमेरिकेत बनवून घेतली.

ते काम आता संपत आले होते, पण त्यात दोन्ही कारखान्यांचा हात बसला होता. स्मिथ अँड वेसनने आधी पाठवलेल्या नमुन्यात नळीखालच्या दांड्याला एक आवरण होते आणि काडतुसे भरायच्या फिरत्या सिलिंडरला तिसरे जास्तीचे कुलूप होते. सुबक काम, पण खंदकातला चिखल त्या आवरणात बसला की रिव्हॉल्वर अडायचे. ब्रिटिशांच्या सांगण्यावरून १९१५ मध्ये आवरण आणि तिसरे कुलूप दोन्ही काढून टाकली गेली. म्हणजे १९१७ मध्ये अमेरिकेला हव्या असलेल्या बळकट, चिखलात टिकणाऱ्या रिव्हॉल्वरची तालीम ब्रिटिशांच्या खर्चाने आधीच झाली होती. साचे होते, यंत्रे होती, शिकलेले कामगार होते. फक्त नळी आणि सिलिंडर .४५ एसीपीच्या मापाचे करायचे. मग तेवढेच करून का भागले नाही?

कारण होते काडतुसाच्या बुडाशी.

रिव्हॉल्वरच्या काडतुसाला बुडाशी परातीच्या काठासारखी बाहेर आलेली कड असते. ती दोन कामे करते. सिलिंडरमधल्या घरात काडतूस टाकले की कड तोंडावर अडते, म्हणून ते आत घसरत नाही आणि घोड्याची सुई त्याच्या बुडावर नेमकी बसते. फैरी झाडून झाल्या की सिलिंडर बाजूला उघडायचे आणि पुढचा दांडा तळहाताने दाबायचा. मधली चांदणीच्या आकाराची चकती मागे सरकते, सहाही कडांना एकदम उचलते आणि पुंगळ्या खाली पडतात.

आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात हीच कड गैरसोयीची. मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेल्या काडतुसांच्या कडा एकमेकींत अडकतात आणि पिस्तूल बंद पडते. म्हणून ब्राउनिंगच्या काडतुसाला कड बाहेर आलेली नाही. बुडाच्या वर चहूबाजूंनी एक खाच कोरलेली असते आणि पिस्तुलाचा आकडा त्या खाचेत बसून पुंगळी ओढून काढतो. असे गुळगुळीत काडतूस रिव्हॉल्वरच्या सिलिंडरमध्ये टाकले तर ते सरळ पुढे घसरते, सुई पोचत नाही, आणि समजा फैर झडली तरी चांदणीला पकडायला काही सापडत नाही. पुंगळी आत फुगून बसलेली. समोर शत्रू असताना सहा पुंगळ्या एकेक करून काडीने मागे ढकलत बसणे कोणत्याही शिपायाला परवडण्यासारखे नव्हते.

.४५ कोल्ट हे कडेचे जुने काडतूस पुन्हा सुरू करणे हा एक उपाय होता. लष्कराने १९०९ मध्ये त्याच काडतुसाची न्यू सर्व्हिस रिव्हॉल्वर घेतलीही होती. पण लाखोंची फौज समुद्रापलीकडे पाठवताना एकाच कामासाठी दोन जातींची काडतुसे बनवायची, वेगळ्या पेट्यांत भरायची, जहाजांवर चढवायची आणि अंधारात, पावसात, ज्या तुकडीला जी हवी ती तिलाच पोचवायची? चुकीची पेटी चुकीच्या खंदकात पोचली की हत्यार असून नसल्यासारखे. दारूगोळा खात्याने येथे हट्ट धरला आणि माझ्या मते तो शंभर टक्के बरोबर होता. काडतूस बदलायचे नाही, रिव्हॉल्वरने जुळवून घ्यायचे.

जुळवून घेण्याची युक्ती स्मिथ अँड वेसनमधून निघाली. तिचे श्रेय संस्थापक डॅनियल वेसनचा मुलगा जोसेफ वेसन याला दिले जाते. काडतुसाला कड नाही ना, मग ती बाहेरून लावू. स्प्रिंगच्या पोलादाचा, जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पत्रा अर्धचंद्राच्या आकारात कापायचा. त्याच्या बाहेरच्या काठाला तीन अर्धगोल खोबणी. एकेक काडतूस बोटांनी दाबले की त्याची खाच खोबणीत ‘टक्’ करून बसते. तीन काडतुसे बसली की ती एकमेकांपासून बरोबर तेवढ्या अंतरावर उभी राहतात, जेवढे अंतर सिलिंडरच्या घरांत असते. असे दोन अर्धचंद्र सिलिंडरच्या मागच्या तोंडावर समोरासमोर बसले की सहा घरे भरली. पत्रा सिलिंडरच्या तोंडावर अडतो, म्हणून काडतुसे पुढे घसरत नाहीत. दांडा दाबला की चांदणी पत्र्याला उचलते आणि पत्रा तिन्ही पुंगळ्यांना घेऊन बाहेर येतो. त्यासाठी सिलिंडरचे मागचे तोंड थोडे छिलून पत्र्यापुरती जागा करायची, एवढाच रिव्हॉल्वरमधला बदल.

यातून ध्यानीमनी नसलेला एक फायदाही झाला. आधी रिव्हॉल्वर भरायचे म्हणजे खिशातून एकेक करून सहा काडतुसे चाचपायची. थंडीने बोटे बधिर झालेली असताना त्यातली दोन-तीन चिखलात पडणार. आता दोनदा हात नेला की काम झाले. ब्रिटिश अधिकारी यासाठी प्रिडो नावाच्या माणसाने शोधलेले वेगळे उपकरण पदरच्या पैशाने घेत असत. अमेरिकन शिपायाला ती सोय काडतुसांबरोबर आपसूक मिळाली. कमरपट्ट्याला तीन खिशांची कापडी थैली असे, प्रत्येक खिशात दोन अर्धचंद्र, एकूण अठरा गोळ्या. रिकाम्या पुंगळ्या पत्र्यातून उपटताना मात्र बोटांची सालटी निघत, आणि वाकलेला पत्रा सिलिंडरला अडखळवत असे, म्हणून लढाईत तो वापरून टाकूनच द्यायचा, असे ठरले होते.

लष्कराने विनंती केली आणि स्मिथ अँड वेसनने ही युक्ती कोल्टलाही वापरू दिली. या दोन घराण्यांचा पूर्वेतिहास माहीत असणाऱ्याला या गोष्टीचे मोल कळेल. १८५० च्या दशकात आरपार भोक पाडलेल्या सिलिंडरचे पेटंट रॉलिन व्हाइट याने घेतले होते. त्याच्याशी करार करून स्मिथ आणि वेसन यांनी १८६९ पर्यंत तो हक्क मुठीत ठेवला आणि तोवर कोल्टला धातूच्या काडतुसाचे तसे रिव्हॉल्वर बनवता आले नाही. साठ वर्षांनी सिलिंडरच्याच बाबतीत नवी कल्पना स्प्रिंगफील्डमध्ये निघाली आणि या वेळी ती काही आठवड्यांच्या युद्धघाईत नदीच्या खालच्या अंगाला हार्टफर्डला पोचली.

दोन्ही रिव्हॉल्वरना सरकारी नाव एकच मिळाले, मॉडेल १९१७. नळी साडेपाच इंचांची, मुठीच्या तळाला दोरी ओवायची कडी, लाकडी दस्ता साधा, नक्षी नाही, आणि नळीच्या खालच्या अंगावर ‘युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी’ असा ठसा. आतून मात्र ती दोन वेगळी हत्यारे होती. कोल्टचे अंगाने दणकट आणि जड. स्मिथ अँड वेसनचे थोडे हलके आणि चापाला मऊ. आणखी एक फरक होता, तो शिपायाच्या जिवावर बेतू शकणारा. स्मिथ अँड वेसनच्या घरांत आतून एक बारीक पायरी कोरलेली होती. पुंगळीचे तोंड त्या पायरीवर टेकायचे, म्हणून पत्रा हरवला तरी सुटी काडतुसे टाकून फैर झाडता यायची. पुंगळ्या तेवढ्या काडीने काढाव्या लागत. कोल्टच्या सुरुवातीच्या सिलिंडरांत ही पायरी नव्हती, घरे आरपार सरळ होती. पत्रा नसेल तर ते रिव्हॉल्वर निरुपयोगी. पुढच्या कोल्टमध्ये पायरी आली.

१९१७ च्या अखेरीपासून पेट्या कारखान्यांतून बाहेर पडू लागल्या. पहिल्या पेट्या निघाल्या त्या वेळी रेमिंग्टनमध्ये अजून मापे घेणे चालू होते.

१९१८ च्या उन्हाळ्यात स्प्रिंगफील्डमध्ये निराळेच युद्ध पेटले. स्मिथ अँड वेसनमध्ये कामावर घेताना प्रत्येक कामगाराकडून स्वतंत्र करार लिहून घेतला जाई, की आपण संघटनेत जाणार नाही. काही कामगार संघटनेत गेले, कामावरून काढले गेले आणि प्रकरण राष्ट्रीय युद्ध कामगार मंडळापुढे गेले. एप्रिल १९१८ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाचे दोन अध्यक्ष होते, माजी राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट आणि कामगारांचे वकील फ्रँक वॉल्श. मंडळाने कामगारांना संघटित होण्याचा हक्क आहे असा निकाल दिला. कंपनीने तो मानला नाही. तेव्हा युद्धखात्याने सप्टेंबर १९१८ मध्ये कारखानाच ताब्यात घेतला.

त्याच सुमारास कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला, जिथे रेमिंग्टनचा काडतुसांचा मोठा कारखाना होता, यंत्रकामगारांनी मंडळाचा निकाल झुगारून संप केला होता. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी १३ सप्टेंबरला त्यांना पत्र लिहिले. कामावर परत या, नाहीतर वर्षभर सरकारी कामाची दारे बंद आणि सक्तीच्या भरतीतून मिळालेली सूटही जाईल, असा त्याचा आशय होता. आणि त्याच पत्रात त्यांनी स्मिथ अँड वेसनचा दाखला दिला, की मालकाने निकाल धुडकावला तेव्हा त्याचाही कारखाना आम्ही घेतला आहे. कामगाराला आणि मालकाला एकाच निकालाने बांधणारे सरकार भांडवलशाहीच्या त्या माहेरघरात फार वेळा दिसलेले नाही. रिव्हॉल्वरच्या इतिहासात हे पान बहुतेक जण गाळतात. मला वाटते, शस्त्राचा इतिहास लिहायचा तर ते घडवणाऱ्या हातांचाही लिहायला हवा. कोल्टच्या कारागिरांच्या हातातले ज्ञान रेमिंग्टनला विकत घेता आले नाही, हे त्याच वर्षी सगळ्यांनी पाहिले होते.

११ नोव्हेंबर १९१८ ला तोफा थांबल्या तेव्हा हिशेब असा होता. कोल्टने युद्धकाळात सव्वाचार लाखांच्या आसपास १९११ पिस्तुले दिली. रेमिंग्टनची तेरा-साडेतेरा हजार पोचली होती. आणि मॉडेल १९१७ रिव्हॉल्वर, कोल्टची दीड लाखाहून अधिक आणि स्मिथ अँड वेसनचीही दीड लाखाहून अधिक. म्हणजे लष्कराच्या हाती आलेल्या दर पाच .४५ हत्यारांपैकी दोन ही ‘तात्पुरती सोय’ होती. म्यूज-आर्गॉनच्या शेवटच्या मोठ्या चढाईत मशीनगनवाल्यांच्या आणि लष्करी पोलिसांच्या कमरेला ती होती.

शांतता झाल्यावर तात्पुरत्या वस्तू सहसा भंगारात जातात. ही गेली नाहीत. टपालाच्या गाड्यांवर दरोडे पडू लागले, तेव्हा टपाल खात्याच्या लोकांना ती दिली गेली. पुष्कळशी नागरिकांना स्वस्तात विकली गेली. या नव्या मालकांना पत्र्याशी रोज झटापट नको होती, म्हणून १९२० च्या सुमारास पीटर्स या काडतूस कंपनीने .४५ ऑटो रिम काढले. तेच काडतूस, पण स्वतःची कड असलेले. आणि ती कड नेहमीपेक्षा जाड, कारण सिलिंडरमागे पत्र्यासाठी छिललेली जागा भरून काढायची होती. पिस्तुलाच्या काडतुसासाठी रिव्हॉल्वर बदलले आणि मग त्या रिव्हॉल्वरसाठी काडतूस बदलले, असे ते चक्र होते.

१९३७ मध्ये ब्राझीलने स्मिथ अँड वेसनकडून याच नमुन्याची २५ हजार रिव्हॉल्वर मागवली. त्यांच्या बाजूच्या पत्र्यावर ब्राझीलचे राष्ट्रचिन्ह कोरलेले असते. दुसरे महायुद्ध आले तेव्हा अमेरिकन कोठारांत १ लाख ८८ हजारांच्या आसपास मॉडेल १९१७ पडून होती. ती पुसून, नवा करडा मुलामा देऊन पहारेकरी, लष्करी पोलीस आणि मागच्या फळीतल्या तुकड्यांना वाटली गेली. व्हिएतनाममध्ये भुयारांत सरपटत शिरणाऱ्या सैनिकांपैकी काहींच्या हातातही हे आजोबांच्या काळातले रिव्हॉल्वर होते. काळोख्या, मातीच्या बिळात दस्त्यापासून नळीपर्यंत धूळ जाते आणि तिथे आपोआप सरकणारे भाग नसलेले हत्यार बरे वाटते.

एक प्रकार मात्र धोक्याचा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनची जुनी वेब्ली ढिगाने अमेरिकेत विकायला आली. .४५५ काडतुसे तिथे मिळत नव्हती, म्हणून व्यापाऱ्यांनी सिलिंडरचे मागचे तोंड छिलून त्यात अर्धचंद्रासह .४५ एसीपी बसेल अशी सोय केली. बसले ते माप. सोसेना तो दाब. ब्राउनिंगचे काडतूस वेब्लीसाठी ठरलेल्या दाबापेक्षा जास्त जोराचे. अशी रिव्हॉल्वर आजही जुन्या वस्तूंच्या बाजारात दिसतात आणि जाणकार सांगतात, की त्यांत कारखान्यातली पूर्ण जोराची काडतुसे घालू नयेत.

पुढच्या काळात अनेकांना वाटले, की पत्र्याशिवाय हे जमायला हवे. स्मिथ अँड वेसननेच १९८० मध्ये ९ मिलिमीटर पिस्तुली काडतुसाचे मॉडेल ५४७ काढले. त्यातल्या चांदणीला बारीक लवचीक आकडे होते आणि ते थेट काडतुसाच्या खाचेत शिरायचे. यंत्र म्हणून सुरेख, पण बनवायला किचकट आणि महाग. १९८५ मध्ये ते बंद पडले. चार्टर आर्म्सने अलीकडे प्रत्येक घराशी एक स्प्रिंगचा आकडा लावून तीच वाट पुन्हा धरली. पण बहुतेक कारखाने पत्र्याकडेच परत गेले. आता दोन अर्धचंद्रांऐवजी पूर्ण गोल पत्रा असतो, सहा काडतुसे एका हालचालीत भरतात आणि एका हालचालीत निघतात.

खंदकातल्या घाईसाठी निघालेली ही युक्ती आज नेमबाजीच्या स्पर्धांत सर्वात जास्त चालते. ११ सप्टेंबर १९९९ रोजी जेरी मिक्युलेक या अमेरिकन नेमबाजाने .४५ एसीपीच्या स्मिथ अँड वेसन ६२५ रिव्हॉल्वरमधून सहा फैरी झाडल्या, गोल पत्र्याने सिलिंडर पुन्हा भरले आणि आणखी सहा फैरी झाडल्या. बाराही गोळ्या निशाणावर लागल्या, आणि या सगळ्याला लागलेला वेळ होता २.९९ सेकंद.